कोटांमागची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे, घडी होणारी. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने चर्चचं नाव रंगवलेलं होतं. आता त्यातली निम्मी अक्षरं उडाली आहेत. सध्या मी आयोवातल्या एका छोट्या गावात, चर्चच्या तळघरातल्या जिन्याखाली भिंतीला टेकून उभी असते. माझ्याविषयी सांगण्यासारखं फारसं काही नाही, आणि जे आहे ते सांगताना मान खाली जाते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडाचा पत्रा कापला, वाकवला, नळ्यांना जोडला आणि वर तपकिरी रंग फवारला. माझ्यासारख्या ढीगभर बहिणी एका ट्रकमधून या गावात आल्या. चर्चच्या बायकांनी माशांच्या जेवणावळी घालून जमवलेल्या पैशांतून आम्हाला आणलं होतं. त्यामुळे कुणी आम्हाला पायाने ढकललं की त्या बायका लगेच डोळे वटारायच्या.

मी पुष्कळ पाहिलं. बारशाच्या दिवशी माझ्यावर बसून लोक केक खायचे आणि मयताच्या दिवशी हॅम सँडविच. एकदा घडी करताना मी पाद्रीबाबांचं बोट चिमटलं. त्यांच्या तोंडून निघालेला शब्द बायबलात नाही. तेव्हापासून सगळे मला जपून उघडू लागले.

माझी एक ख्याती होती. माझ्या बहिणी बसताक्षणी कुरकुरायच्या, पण मी कधीच कुरकुरत नसे. प्रार्थना चालू असताना म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम मला देत. "ही घ्या, ही गप्प बसते," असं म्हणत. हे कौतुक ऐकून मी फुगून जायची. गप्प बसणं हाच आपला सर्वांत मोठा गुण आहे, असं मला मनापासून वाटायचं.

आता त्या हिवाळ्याचं सांगते.

दर चार वर्षांनी आमच्या तळघरात पक्षाची सभा भरायची. तिला कॉकस म्हणतात. अध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, हे ठरवण्याची ती पहिली पायरी. इतर बहुतेक राज्यांत लोक चिठ्ठी पेटीत टाकून घरी जातात. आमच्याकडे तसं नव्हतं. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याने त्याच्या कोपऱ्यात जाऊन सगळ्यांच्या देखत उभं राहायचं. मग डोकी मोजायची आणि डोक्यांच्या हिशोबाने प्रतिनिधी वाटायचे. ते प्रतिनिधी पुढे जिल्ह्याच्या अधिवेशनात जायचे, त्यांतले काही राज्याच्या आणि त्यांतले थोडे अगदी देशाच्या. आमच्या वस्तीच्या वाट्याला पाच प्रतिनिधी होते.

त्या वर्षी तीन उमेदवारांची चर्चा होती. गावात कुणी त्यांची नावं घेत नसे. एक वकील, एक राज्यपालबाई आणि एक मास्तर, एवढंच म्हणायचे.

मास्तरांच्या बाजूची पुढारी होती लव्हॉन. ती पोस्टात काम करायची आणि तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जायचा. तिने शेजारच्या आर्लिस ट्वेट बाईंना गाडीत घालून आणलं होतं. आर्लिस ऐंशी ओलांडलेल्या. तरुणपणी त्यांनी शेतांमधल्या एकखोली शाळेत शिकवलं होतं. त्यांचे यजमान इंगव्हाल्ड दर वेळी प्रतिनिधी म्हणून जिल्ह्याला जायचे आणि आर्लिस त्यांचा डबा भरून द्यायच्या. आता यजमान नव्हते. मास्तरांच्या गटाने आधीच ठरवलं होतं की आपल्याला एक जरी प्रतिनिधी मिळाला, तर या वेळी आर्लिसनाच पाठवायचं.

"निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय," आर्लिस हळूच लव्हॉनला म्हणाल्या. "उगाच आपला. मिळालं तर असू दे."

"मिळालं तर काय म्हणता? मिळणारच!" लव्हॉन म्हणाली. "पण तुम्ही बसा आधी. त्या कमरेला उभं करून ठेवलंत तर तुमची लेक माझी कातडी सोलेल."

तिने मला उघडलं. दारातून गार वारा येत होता, म्हणून मला कोपऱ्यात आत सरकवलं. आर्लिस बसल्या आणि त्यांनी "हाय देवा" म्हणून सुस्कारा सोडला. मला धन्य वाटलं.

लोक येतच राहिले. जो तो बर्फ झटकून आपला कोट चाकांच्या स्टँडवर टांगत होता. कोटांवर कोट चढले. कुणीतरी वाट करण्यासाठी स्टँड मागे ढकलला आणि तो नेमका आमच्या पुढ्यात येऊन थांबला. आता आर्लिसना समोर फक्त ओल्या लोकरीची भिंत दिसत होती. त्यांनी ती बाजूला करायला सांगितलं नाही. कुणाला त्रास द्यायचा नाही, हे इकडच्या माणसांच्या हाडात असतं.

सभा चालवत होता डेलमार क्वाले. बियाण्यांचं दुकान चालवणारा, अंगाने आडवा, मनाने सरळ माणूस. लहानपणी तो चर्चमध्ये आर्लिसच्या रविवारच्या वर्गात होता.

"ऐका रे!" तो ओरडला. "दारात ऐंशी जणांनी नाव लिहिलंय. ज्या गटात शंभरात पंधरा माणसं नाहीत, तो गट टिकत नाही. म्हणजे आपल्याकडे बारा लागतील. बारापेक्षा कमी असाल तर गट मोडायचा आणि दुसरीकडे जायचं. आता भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि एकेकाने आपला आकडा मोठ्याने म्हणा."

वकिलाचे अडतीस झाले. राज्यपालबाईंचे तीस झाले. मग मास्तरांचा कोपरा सुरू झाला. एक, दोन, तीन. मी ऐकत होते. लव्हॉनच्या पलीकडच्या माणसाने "अकरा" म्हटलं.

"बारा," आर्लिस म्हणाल्या.

चर्चमध्ये म्हणावं तशा हळू आवाजात म्हणाल्या. त्याच वेळी वकिलाच्या कोपऱ्यात कुणीतरी विनोद केला आणि सगळे खो खो हसले. तो "बारा" कोटांमध्येच जिरला. ऐकला तो फक्त मी.

"अकरा," डेलमार म्हणाला. "एकाने कमी पडलात. लव्हॉन, वाईट वाटतं गं." त्या अकरात आर्लिसही धरल्या गेल्या, असंच लव्हॉनला वाटलं.

"थांब, बेरीज एकोणऐंशीच होतेय," कुणीतरी म्हणालं.

"एक जण गेला असेल घरी," डेलमार म्हणाला. "गाई वाट बघत थांबतात होय?"

सगळ्यांना पटलं. आमच्याकडे माणूस मधेच नाहीसा झाला तर तो गोठ्यातच गेलेला असतो, यावर कुणी शंका घेत नाही.

मित्रांनो, त्या क्षणी मी एकदा, फक्त एकदा कुरकुरले असते, तर कुणीतरी वळून पाहिलं असतं. पण मी गप्प बसले. तोच तर माझा गुण होता.

मग मास्तरांचा गट फुटला. दोन्ही कोपऱ्यांतली माणसं त्यांना ओढायला धावली, एक जण तर लिंबाच्या वड्यांची ताटली घेऊन. "इकडे ये, आमच्याकडे लेमन बार आहेत!" "अरे, त्याच्या बायकोने केलेत ते, दात जातील तुझे! आमच्यात ये!" कुणी लव्हॉनचा हात धरून तिला राज्यपालबाईंकडे नेलं, ती तिथे तावातावाने वाद घालत राहिली. सहा जण वकिलाकडे गेले, तिघे राज्यपालबाईंकडे, आणि दोघे खरोखरच गाईंकडे गेले. कोटांमागे आर्लिस हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. आपल्याला धरूनही गट कमी पडला, असंच त्यांना वाटत होतं. त्यांना न्यायला कुणी आलंच नाही.

डेलमारने गुणाकार भागाकार केला. वकिलाला तीन प्रतिनिधी, राज्यपालबाईंना दोन. त्याने फोनवर निकाल कळवून टाकला. टाळ्या झाल्या आणि लोक कोट घ्यायला आले.

एकेक कोट निघत गेला. आधी आर्लिसचे बूट दिसले, मग गुडघे, मग मांडीवरचे हात. लव्हॉनने आपला कोट उचलला आणि ती तशीच उभी राहिली.

"आर्लिस," तिचा तो दणदणीत आवाज एवढासा झाला. "तुम्ही आकडा म्हणालात का?"

"म्हणाले की. बारा."

डेलमार जवळच उभा होता. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. त्याने खिशातून कागद काढला आणि पुन्हा मांडून पाहिलं. बारा धरले असते तर वकिलाला दोन, राज्यपालबाईंना दोन, मास्तरांना एक. एका बसलेल्या बाईने पाचांची वाटणी बदलली असती.

"मी सगळ्यांना परत बोलावतो," तो म्हणाला. "फोन करतो. चूक झाली म्हणून सांगतो."

"या थंडीत?" आर्लिस उठल्या. "अर्धे लोक घरी पोचले असतील. नको रे डेलमार. उगाच कशाला."

"पण तुम्ही जाणार होतात..."

"सवय आहे मला. मी डबा भरून देईन कुणाला तरी."

त्या हे हसून म्हणाल्या. ते हसू डेलमारला सहन झालं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उगाच फोनची वायर गुंडाळत राहिला. आणि मी? आर्लिसनी स्वतःच्या हातांनी माझी घडी केली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. "चांगली खुर्ची आहे," म्हणाल्या. त्या वेळी जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. लोक खुर्चीसाठी भांडतात, असं मी ऐकलंय. इथे माझ्यापायी एका बाईची खुर्ची गेली होती, आणि ती मलाच शाबासकी देत होती.

डेलमारने दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या लोकांना चूक कळवली. निकाल लागून गेला, आता काही होत नाही, असं उत्तर आलं. त्याने ते रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळेच आपापल्या बुटांकडे पाहत होते, कारण विनोदाला सगळेच हसले होते.

चार वर्षांनी पुन्हा सभा भरली. आर्लिस काठी घेऊन आल्या, निळा ड्रेस घालून. लव्हॉनने मला उघडून पुढे आणलं, या वेळी खोलीच्या अगदी मधोमध.

"बसा, आर्लिस."

"नाही बसत."

"अहो, कंबर..."

"कंबर माझी आहे. बसलेलं माणूस तुम्हाला दिसत नाही."

त्या रागावून म्हणाल्या नाहीत. तरी लव्हॉन मागे सरकली. त्या माझ्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. मी रिकामी होते. आयुष्यात एवढी जड मी कधी झाले नव्हते.

डेलमारने घसा साफ केला. "सगळे बसा," तो म्हणाला.

"आकडे मोजायचेत ना? मग उभं राहायचं की..." कुणीतरी म्हणालं.

"बसा म्हटलं ना!"

खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक जमिनीवर बसले, जिन्यावर बसले, कोट अंगाखाली घेऊन बसले. सगळ्या तळघरात एकट्या आर्लिस उभ्या होत्या. डेलमार चालत त्यांच्यापाशी आला, त्याने टोपी काढली आणि मोठ्याने म्हटलं, "एक."

त्या वर्षी त्यांचा गट टिकला नाही, चांगले तीन जण कमी पडले. पण गट मोडल्यावर लेमन बारची ताटली घेऊन पहिला माणूस धावला तो आर्लिसकडेच. तेव्हा कुठे त्या माझ्यावर बसल्या, एक बार खाल्ला आणि म्हणाल्या, "दात जातात हे खरंय."

आता आर्लिस नाहीत. तळघरात पूर्वीसारखी सभाही भरत नाही. मी गंजलेय, आणि कुणी चुकून बसलंच तर जोरात कुरकुरते. पूर्वी याची मला लाज वाटली असती. आता लाज वाटते ती त्या एका गप्प राहिलेल्या संध्याकाळची.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, सभेत कुठली खुर्ची कुरकुरली, तर तिला तेल जरूर घाला. पण तेलाची बाटली शोधायच्या आधी एकदा वळून बघा, तिच्यावर कोण बसलंय ते.