न सुकणारा अडुळसा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर एका बाईने वाळून काडी झालेलं रोप उंच धरलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"सुकलं! रोग शोषला!" कुंडीमहाराज गरजले. "बोला, हिची गुडघेदुखी कुठे गेली?"

"झाडात!" लोक ओरडले.

बाई गुडघा धरूनच पायऱ्या उतरली, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती!

मागच्या रांगेत बागवाली मान खाली घालून बसली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या गॅलरीत पुदिना, गवती चहा, आलं, हळद, कारल्याचा वेल अशी दाटी, म्हणून शेजाऱ्यांनी हे नाव पाडलेलं. तिने काठी रोवली तरी पालवी फुटते, असं सगळे म्हणत. आता नेमका तोच गुण तिच्या जिवावर उठला होता.

तिच्या लेकीला क्षय झाला होता. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ताप उतरला, पण मळमळ सोसवेना. तेवढ्यात महाराज भेटले. त्यांनी अडुळशाची कुंडी दिली, लेकीचा हात मातीवर ठेवायला लावला आणि फर्मावलं, "गोळ्या बंद! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. झाड सुकेल तसा रोग सुकेल." बाकीच्यांची झाडं सुकत गेली. बागवालीचा अडुळसा मात्र फोफावला आणि लेक वाळत चालली.

सभा संपल्यावर तिने महाराजांचे पाय धरले. "माझंच झाड का सुकत नाही हो?"

"तुझी माया आडवी येते, माउली. तू लेकीला धरून ठेवतेस, म्हणून रोगही धरून राहतो."

"म्हणजे मीच…?"

महाराजांनी डोळे मिटले. उत्तर द्यायचं नसलं की त्यांची हटकून समाधी लागे.

बागवालीने पाणी तोडलं, कुंडी भर उन्हात ठेवली. अडुळसा दुपारी मान टाकायचा आणि संध्याकाळी पुन्हा ताठ. आपल्या हातानेच आपण लेकीला मारतोय, या विचाराने तिला घास गिळवेना. एका सकाळी लेक खोकली आणि रुमालावर रक्त आलं. तेव्हा मात्र बागवालीने गॅसवर पाणी उकळलं आणि भांडं घेऊन गॅलरी गाठली.

"ओत ना आई," दाराला टेकून लेक म्हणाली. "मरू दे त्याला. मला बरं व्हायचंय गं."

भांडं तिरकं झालं आणि तिचा हात थबकला. झाड मी मारलं, तर ते रोगाने मेलं असं कसं म्हणायचं? आणि माणसाला झाड मारता येतं, तर बाकीच्यांची कुणी मारली?

तिने भांडं खाली ठेवलं. आपण वेगळं काय केलं होतं? बाहेरून आलेल्या रोपाची माती बदलायची, घरात कीड नको, ही तिची जुनी सवय. अडुळसा घरी आणला त्याच संध्याकाळी तिने महाराजांची माती दुसऱ्या कुंडीत ओतली होती आणि तिच्यात पालक पेरला होता. एक कोंब उगवला नाही. बी जुनं असेल, म्हणून ती विसरूनही गेली होती.

आता त्या कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरली होती. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मीठ! रोपं देताना तर टवटवीत असत, म्हणजे वर चांगली माती, तळाशी मीठ. मुळं खाली पोचली की झाड संपलंच.

"चप्पल घाल," ती लेकीला म्हणाली. "दवाखान्यात चल."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, याचंच तिला भय वाटलं. "गोळ्या मधेच सोडल्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता त्या लागू पडतील की नाही, तपासणीशिवाय सांगता येणार नाही."

पुढच्या सभेला बागवाली ती माती घेऊन थेट मंचावर चढली आणि "यात मीठ आहे!" म्हणून ओरडली. महाराज गडबडले नाहीत. "रोगाचंच मीठ ते! घामासारखं मातीत उतरतं!" टाळ्या पडल्या.

बागवालीने वाटपासाठी मांडलेल्या नव्या कुंड्यांतली एक उचलली आणि मंचावर उपडी केली. "ही अजून कुणाच्या घरी गेली नाही. हिने कुणाचा रोग शोषला? या, तळची माती चाखा!"

कुणी हलेना. शेवटी पहिल्या रांगेतला पाववाला उठला. त्याने माती जिभेला लावली आणि थुंकला. "मीठच आहे. जन्मभर पिठात घालतोय, मला कळत नाही होय?"

"अश्रद्धांच्या जिभेला—" महाराज म्हणाले, पण त्यांची नजर मागचं दार शोधत होती.

"अडुळसा मीही लावते," बागवाली म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "साध्या खोकल्याला पानं उकळून देते. पण क्षयाला गोळ्या लागतात, आणि त्या पुऱ्या घ्याव्या लागतात. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. स्वतः चाखा, डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नाही. माझी लेक वाचेल का, हे आज मला कुणीच सांगत नाही."

गर्दीतून एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोराच्या फिटच्या गोळ्या बंद केल्यात…"

"मग बसलीस काय? ऊठ! ज्यांनी ज्यांनी औषधं सोडलीत, ते सगळे उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा!"