टायमिंग चेनचा आवाज

माझ्या शाळेत टाचणी पडली तरी ऐकू येते, हे वाक्य मी सहा वर्षं प्रत्येक बैठकीत ऐकवत आलो. बाकीचे मुख्याध्यापक पोरांच्या गोंधळाचं रडगाणं गात, तेव्हा मी मिशीवरून हात फिरवत बसायचो. चिचगडच्या पुढं जंगलात एक टोला, म्हणजे छोटी वस्ती आहे, तिथं माझी दोन खोल्यांची शाळा. पोरं एकेचाळीस, मास्तर दोन: मी, तिलक राहांगडाले, आणि माझ्या हाताखालचा लीलाधर. साडेदहाला पाच कमी असताना मी फाटकातून आत शिरायचो आणि सगळी पोरं हाताची घडी घालून रांगेत बसलेली असायची. एक दिवस चुकला नाही. याचं श्रेय मी लीलाधरला देत नसे. खिशात रंगीत खडू घेऊन हिंडणारा माणूस तो, त्याच्यानं काय शिस्त लागणार!

तक्रार एकाच पोरीबद्दल होती. चौथीतली गुंजन. ती जरा जास्तच शांत होती. तीन वर्षांत तिनं माझ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. पाढा विचारला की पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी. "बोलत काऊन नाही?" म्हणून मी टेबलावर पट्टी आपटायचो, तरी ढिम्म. निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला नावं पाठवायची होती. लीलाधरनं तिचं नाव यादीत घातलं, मी ते लाल शाईनं काटलं. जिला पाढे येत नाहीत ती परीक्षेत काय दिवे लावणार?

मोटारसायकल माझी दोन हजार चारची. इमानदार, पण तोंडाळ. इंजिनातून असा खडखडाट यायचा की पत्र्याच्या डब्यात कोणी खिळे हलवतंय. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो ऐकूच येत नसे. हॉर्न बंद पडला तो मी दुरुस्तसुद्धा केला नाही, रस्त्यावरचे बैल आपणच बाजूला व्हायचे. बायकोला, भूमेश्वरीला, मात्र तो खडखडाट ऐकू यायचा. दवनीवाड्याला तिच्या भाचीचं लग्न निघालं तशी ती म्हणाली, "या खटाऱ्यावर बसून मी माहेरी येत नाही, जा. बँडवाले बाजा थांबवून आपल्याकडंच पाह्यतीन."

चिचगडच्या कवडू मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"टायमिंग चेन ढिली झाली गुरुजी. तिले ताणून धरते थो टेन्शनर मेला."

खालचा बोल्ट काढून त्यानं स्प्रिंग ओढली. ती थकून आखूड झाली होती. तिच्या दांडीवरचा रबराचा रोलर निम्मा झिजला होता. "इतके दिवस चालवली कायले? चेननं दात सोडला असता तं वॉल्व वाकला असता. मंग बसा इंजिन खोलत." नवा रोलर, नवी स्प्रिंग, नवं ऑइल. संध्याकाळी मी किक मारली. काही झालं नाही, म्हणून पुन्हा मारली.

"चालूच आहे जी," कवडू म्हणाला.

गुरुवारी मी त्या कौतुकातच पंधरा मिनिटं लवकर निघालो. रस्त्यानं पाखरांचा आवाज ऐकू येत होता. नाला ओलांडून चढण चढलो, तर शाळेकडून हसणं ऐकू आलं. माझ्या शाळेतून, हसणं! मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली आणि भिंतीआडून आत डोकावलो.

आवारात आचल नावाची पोरगी कोळशाची मिशी काढून झाडूवर स्वार झाली होती. गाल फुगवून ती खडखड, खडखड आवाज काढत होती. आवाज हुबेहूब माझ्या गाडीचा. फाटकाशी उभी असलेली खुशी ओरडली, "आले रे गुरुजी!" आणि क्षणात सगळी पोरं रांगेत, हाताची घडी, तोंडावर बोट. शेवटच्या रांगेत लीलाधरही तसाच बसला होता.

माझं डोकं सणकलं. आत जाऊन एकेकाला सोलून काढावं असं वाटलं. तेवढ्यात आचलनं झाडू जमिनीवर आपटला. "गुंजन! सतराचा पाढा! बोलत काऊन नाही?"

आणि गुंजन उठली. तिनं एका दमात सतराचा पाढा म्हटला. वर म्हणाली, "गुरुजी, एकोणतीसचाबी येते. म्हणू का?"

पोरं खिदळली. माझा राग कुठं गेला कोणास ठाऊक. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. सहा वर्षं ज्या शिस्तीच्या जोरावर मी मिशीला पीळ दिला, ती माझी नव्हतीच. ती त्या झिजलेल्या रोलरची होती. गाडी नाल्यावर खडखडली की पोरांना रांगेत बसायला दोन मिनिटं मिळत, एवढाच तो सगळा चमत्कार.

मी चोरासारखा गाडी ढकलत नाल्यापर्यंत परत नेली. नेहमीच्या वेळेला पुन्हा आलो, शंभर पावलांवरून खोकत, घसा खाकरत. आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आचलच्या ओठावर कोळसा राहिला होता. गुंजन अंगठ्याकडं बघत होती. त्या दिवशी मी कोणालाच पाढा विचारला नाही.

संध्याकाळी कवडूला म्हटलं, "मला आवाज परत पाहिजे."

"लोकं आवाज काढाले येतेत, तुमी टाकाले आले?" त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "जुना रोलर मी बसवत नाही. इंजिनाचा खून करू का? हॉर्न बसवा."

हॉर्न मुद्दाम वाजवावा लागतो. मुद्दाम वाजवला की पोरांना कळणार, गुरुजींना सारं ठाऊक आहे. मला ते नको होतं. बरंच डोकं खाजवून कवडूनं चेन कव्हरचा एक बोल्ट ढिला केला. पत्रा खडखडू लागला. "हे बेईमानीचं काम आहे जी," तो म्हणाला, पण केलं.

शुक्रवारपासून मी दहालाच नाल्याच्या बरंच अलीकडं गाडी बंद करून, ती ढकलत आणून पुलाच्या कठड्यावर बसू लागलो. वारा बरा असला की तिथपर्यंत पाढे ऐकू येत. शुक्रवारी एकोणीस, शनिवारी तेवीस, सोमवारी एकोणतीस. मग गाडी सुरू करायचो आणि वरचं हसणं पटकन थांबायचं. ते थांबताना रोज ऐकणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

यादी खिशातच होती, मंगळवारी पाठवायची. गुंजनचं नाव परत घालायला एक ओळ पुरली असती. पण लीलाधर विचारणार, सर, हिला येतं हे तुम्ही कधी ऐकलं? मग भिंतीआड उभं राहून पोरांची चोरून गंमत बघणारा मुख्याध्यापक मीच, हे कबूल करावं लागणार. एका पोरीच्या परीक्षेपेक्षा मला माझी मिशी जड वाटत होती. आज हे लिहितानाही कान तापतात.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाहेर आलो, तर लीलाधर माझ्या गाडीशी बसलेला. हातात दहा नंबरचा पाना.

"बोल्ट ढिला होता जी," तो मान वर न करता म्हणाला. "आवळून दिला."

"तुला कोणी सांगितलं होतं?" मी खेकसलो.

"कोणीच नाही." त्यानं पाना फडक्याला पुसला. "गुरुवारी तुमी भिंतीमागं होते. मी पाह्यलं."

एवढं बोलून तो सायकलवर बसून निघून गेला. बोल्ट पुन्हा ढिला करायला माझ्याजवळ पाना नव्हता, आणि खरं सांगायचं तर तोंडही नव्हतं.

मंगळवारी गाडी मांजरासारखी आली. दहा वाजून दहा मिनिटांनी मी फाटकात उभा. झाडूवरच्या आचलनं मला पाहिलं आणि तिची खडखड थांबली. एकेचाळीस पोरं दगड झाली. लीलाधर शेवटच्या रांगेतून उठला नाही. नुसता थोडा सरकला आणि बाजूला जागा केली.

मी चपला काढल्या. गुडघे कुरकुरले, तरी त्या जागेवर मांडी घालून बसलो आणि तोंडावर बोट ठेवलं.

कोणी हसलं नाही. आचलनं लीलाधरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. कोळशाच्या मिशीवरून हळूच हात फिरवला.

"उशीर काऊन झाला?"

"गाडी बिघडली होती जी," मी म्हटलं.

"उभे राहा. सतरा नवे?"

मी उभा राहिलो. एकतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेला पाढा. पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मान आपोआप खाली गेली. बघतो तर मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होतो.

"बोलत काऊन नाही?" आचलनं झाडू आपटला.

पुढच्या रांगेतून कोणीतरी मागं वळलं. गुंजन होती. तोंडाशी हाताचा आडोसा धरून ती कुजबुजली, "एकशे त्रेपन्न म्हणा जी. भेऊ नका."

मी एकशे त्रेपन्न म्हटलं. मग खाली बसलो, खिशातून यादी काढली आणि लीलाधरकडं पेन मागितलं.