चारातला एक ठोका

अंगावरचं दूध तोडायचं म्हणून नंदिनीला आजोळी, कुरुंदवाडला ठेवलं होतं. रीतच ती. आई डोळ्यांआड झाली की पोर चार दिवस रडतं आणि मग विसरतं, असं सासूबाई, म्हणजे माई, म्हणाल्या आणि प्रमोदिनीने मान डोलावली. दूध हळूहळू आटलं. रात्री कूस बदलताना हात मात्र अजून रिकाम्या दुपट्यावर जाऊन पडायचा. दूध विसरता विसरता पोर आपल्यालाच विसरली तर? ही धास्ती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

दसऱ्याला सीमोल्लंघन करून पोरीला घेऊन या, हे माईंनीच ठरवलं. आजचा दिवस हुकला तर पुढचा माई पंचांगातून काढणार, आणि माईंच्या पंचांगाला कधीच घाई नसायची.

म्हणून सकाळीच तिच्या नवऱ्याने, नृसिंहने, दारातली जुनी मोटार सुरू केली. ती सुरू झाली, पण हिवताप भरल्यासारखी थडथडायला लागली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेली न गेली, आणि गचके खात परत दारात आली.

समोरच्या हंबीररावांनी म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता विचारलं, "काय वकीलसाहेब, लंगडतीया की. बैल जुंपू काय?"

नृसिंह हसला नाही. पेट्रोलमध्ये कचरा असणार, असं म्हणून त्याने कोट काढला आणि कार्बुरेटर खोलला. तो धुतला, फुंकला, परत बसवला. ऊन अंगणात उतरलं. गाडीची थडथड होती तशीच. उंबऱ्यात उभ्या राहून माई म्हणाल्या की आजच्या दिवशी अडलेलं पाऊल पुढे रेटू नये, पौर्णिमा झाल्यावर बघू.

प्रमोदिनी बॉनेटपाशी उभी होती. रात्र रात्र पोरीचा श्वास ऐकून तिच्या कानांना सवय लागलेली. तीन ठोके नीट, चौथा गायब. पुन्हा तीन नीट, चौथा गायब.

"अहो, पेट्रोल अडत असतं तर गाडी कशीही अडखळली असती," ती म्हणाली. "ही दर वेळी एकाच पायाने लंगडतेय."

नृसिंहने तिच्याकडे पाहिलं. मग लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, गाडी चालू ठेवली आणि त्याच्या पात्याने एकेका प्लगचा माथा इंजिनाच्या लोखंडाशी जोडून त्या प्लगची ठिणगी तोडत गेला. पहिल्याला गाडी आणखी खचली. म्हणजे तो प्लग काम करत होता. दुसऱ्याला काही फरकच पडला नाही.

"हा मेलाय," तो म्हणाला.

गाडी बंद करून दोघंही वाकली. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, माथ्यापासून पार खालच्या लोखंडापर्यंत, ओल्या कुंकवाचा जाड ओघळ आला होता. बाकीच्या तिघांना नुसता टिळा होता, आणि तो वाळलेला.

काल खंडेनवमी. माईंनी बॉनेट उघडायला लावून इंजिनाची पूजा केली होती. ओळीने उभे चार पांढरे माथे पाहून त्यांना देव्हारा आठवला असेल. प्रत्येकाला हळदकुंकू वाहिलं. हात थरथरतो त्यांचा. एका ठिकाणी जास्त पडलं आणि ठिणगी आत जायची सोडून कुंकवावरूनच खाली उतरत राहिली.

नृसिंह तोंड उघडणार, तोच प्रमोदिनीने त्याचा दंड दाबला. पेट्रोलच्या चिंधीने तिने चारही प्लग पुसले, आणि लाल बाजू आत करून चिंधीची घडी घातली.

"काय निघालं गं?" माईंनी विचारलं.

"ओल होती, माई. पुसली."

माई गाडीपाशी आल्या. "काल मागणं मागितलं होतं मी हिच्याजवळ," त्या हळू म्हणाल्या. "म्हटलं, माझी नंदी सुखरूप घेऊन ये. तूच विसरलीस का, असं सकाळपासून मनात येत होतं." आणि त्या लगबगीने आत वळल्या.

दुसऱ्या हाकेला इंजिन चारही पायांवर उभं राहिलं. हातकणंगले मागे पडलं, शिरोळ मागे पडलं. प्रमोदिनी वाटभर त्या सलग आवाजाला कान लावून बसली होती, जणू लक्ष सुटलं तर एक ठोका पुन्हा गळेल.

नंदिनी आजीच्या कडेवर होती. आईला बघून ती रडली नाही, झेपावलीही नाही. जरा वेळ नुसती बघत राहिली. मग हात पुढे केले. प्रमोदिनीने तिला छातीशी घेतलं आणि श्वास रोखून वाट पाहिली. पोरीचा हात पदराशी गेला, क्षणभर थांबला, आणि तिथून वर येऊन मंगळसूत्राच्या वाट्यांशी खेळायला लागला.

"बघ, विसरली की नाही," आजी कौतुकाने म्हणाली.

"विसरली," प्रमोदिनी म्हणाली आणि तिने पदर घट्ट ओढून घेतला. नंदिनी तिच्या गळ्यात खेळत राहिली, एकेक वाटी दातांनी चावून बघत.