दोन मिलिमीटरची टाळू

खोक्यात बिनवायरचं एक रोटरी टूल होतं, चार्जरची एक वायर, टोक पकडायचे तीन चिमटे, एक छोटा पाना, पॉलिशपेपरच्या शहाण्णव चकत्या, कापायच्या वीस पातळ चकत्या, बारा दगडी टोकं आणि दहा दाबलेल्या लोकरीची. बेरीज एकशे चव्वेचाळीस. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१५० नग’ छापलं होतं. मी पुन्हा मोजलं. माहितीपत्रक, हमीचं कार्ड, ओल शोषणारी पुडी, फोमचा साचा, झाकण आणि खुद्द खोकं धरलं, तर दीडशे बरोबर भरतात.

टूल भाऊजींनी आणलं होतं. भाऊजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे यजमान. त्यांना यंत्रांतलं फारसं काही कळत नाही, पण यंत्रांच्या जाहिराती तोंडपाठ असतात. काकांच्या कार्यशाळेत कवळ्या बनतात. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, त्यावरून साचा होतो, साच्यात अ‍ॅक्रिलिक भरलं जातं आणि शेवटी कवळी घासून पातळ केली जाते. टाळूवर बसणारा भाग दोन मिलिमीटर जाड हवा. जास्त ठेवला तर माणसाला बोलताना तोंडात खडा ठेवल्यासारखं वाटतं, कमी झाला तर कवळी तडकते. हे शेवटचं घासकाम एकतीस वर्षं माझी आत्या करते. ती काकांची थोरली बहीण. काका अठ्ठावन्न वर्षांचे आहेत; ते तिला अक्का म्हणतात आणि ती त्यांना अजून बाळ्या म्हणते.

गेल्या दोन महिन्यांत आत्याच्या हातच्या तीन कवळ्या तडकून परत आल्या. तिन्ही टाळूला दीड मिलिमीटरच्या आत. काकांनी कुणाला न विचारता ठरवून टाकलं, की सोमवारपासून अक्का प्लास्टरच्या खोलीत बसेल, तिला जरा आराम पडेल. त्या खोलीला खिडकी नाही. तिथला आराम म्हणजे दिवसभर ओलं प्लास्टर ढवळणं. आत्यानं चष्मा पुसला.

तिच्या जागी कोण, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे टूल, असं भाऊजींचं म्हणणं होतं. यानं कुणीही घासू शकतं, अगदी तेसुद्धा. काकांनी माझ्यावर चाचणी सोपवली, कारण मी पदार्थविज्ञान शिकले आहे आणि घरात त्याचा आजवर कुणाला उपयोग झाला नव्हता.

मी आधी माहितीपत्रक तपासलं. वजन दोनशे वीस ग्रॅम, असं त्यात होतं. पावडर मोजायच्या काट्यावर दोनशे अडुसष्ट भरलं. आमची जुनी मोटर आकड्याला टांगलेली असते, हातात फक्त लवचीक नळीचं टोक येतं, ते एकशे नव्वद. म्हणजे ‘पिसासारखं हलकं’ टूल जुन्यापेक्षा अठ्ठ्याहत्तर ग्रॅमनी जड निघालं. पिसं मोराची असावीत, मोरासकट. ‘सलग दोन तास’ चालणारी बॅटरी घासकामात एकेचाळीस मिनिटांत झोपली. मी हे वाचून दाखवलं तेव्हा भाऊजी म्हणाले, की ते दोन तास परदेशी हवामानात असतील.

मग तीन मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या कापल्या. प्रत्येकानं पाच घ्यायच्या आणि दोन मिलिमीटरवर आणायच्या. एक दशांश इकडेतिकडे चालेल. मधे जाडी मोजायचं गेज लावायचं नाही, कारण वळणदार टाळूवर ते मधेमधे लावताच येत नाही.

पहिले भाऊजी. त्यांची पहिली पट्टी उडून पाण्याच्या बादलीत पडली, दुसरी त्यांच्या शर्टावर. तिसरीला ते म्हणाले, की तत्त्व त्यांना समजलंय, आता सरावाचाच काय तो प्रश्न.

काका बसले. जुन्या मोटरवर त्यांच्या पाचही पट्ट्या दोनाच्या आसपास आल्या, सर्वांत वाईट एक पूर्णांक त्र्याण्णव. नव्या टूलवर पहिली एक पूर्णांक चार, दुसरी एक पूर्णांक तीन, आणि तिसरीला आरपार भोक. काकांनी टूल बाकावर ठेवलं आणि त्याच्या खानदानाचा उद्धार केला. भोकाचा दोष त्यांच्या हातात असू शकतो, ही शंका त्यांना शिवली नाही.

मला मात्र खटकलं. एकाच माणसाचा हात दोन यंत्रांवर इतका वेगळा का चालावा? मी दोन्हींचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाहिला. जुनी मोटर मोकळी असते तेव्हा सेकंदाला तीनशे फेरे घेते. टोक दाबलं की दोनशे चाळीसवर येते आणि तिचा सूर उतरतो. आमच्याकडे सगळे याच सुरावर काम शिकतात. आवाज बसला की हात उचल, हा इथला पहिला धडा. नवं टूल कितीही दाबा, वेग तोच राखतं. त्याचा सूर उतरतच नाही. काका उतरणाऱ्या सुराची वाट पाहत राहिले आणि पट्टी संपली.

मी हे सांगितल्यावर काका जिंकल्यासारखे हसले. मुकं यंत्र आहे, परत करा जावईबापू, म्हणाले.

आत्या प्लास्टरच्या खोलीच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “मला सगळीच मुकी आहेत, बाळ्या.”

काकांनी विचारलं, म्हणजे काय.

“मोटर चालू आहे एवढं कळतं मला. सूर बसलेला वर्षभर ऐकू आलेला नाही. अंदाजानं उचलते.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू वर्षभर आधीच आराम दिला असतास.”

भाऊजी माहितीपत्रक उलटंसुलटं करत होते, बहुधा त्यात याचं उत्तर शोधत.

आत्यानं बाकावरून टूल उचललं. हातात तोललं, तोंड वाकडं केलं. वरवंटा दिलाय, म्हणाली. बटण दाबून टोक फिरवलं, सोडून थांबवलं, पुन्हा फिरवलं. मग मला म्हणाली, हे थांबायला किती वेळ घेतं ते मोज. मी मोजलं. जुनी मोटर पायाखालचा पेडल सोडल्यावर अकरा सेकंद फिरत राहते, म्हणून एकदा सुरू केलं की कुणी मधे थांबत नाही. नवं टूल सेकंदाच्या आत गप्प होतं. दीडशे नगांच्या यादीत आणि आठ पानांच्या माहितीपत्रकात या गोष्टीचा एका अक्षरानंही उल्लेख नव्हता. मीही ती मोजायची विसरले होते.

“पाच पट्ट्या दे,” आत्या म्हणाली.

काका म्हणाले, की एका दशांशाच्या बाहेर एकही गेली तर सोमवारचं ठरलं ते ठरलं. आत्या म्हणाली, तुझ्या पट्टीला तर भोक पडलं होतं. तरीही अट तिनं मान्य केली.

ती खिडकीकडे तोंड करून बसली. चार हात मारायचे, टूल थांबवायचं, पट्टी उजेडासमोर धरायची. गुलाबी अ‍ॅक्रिलिकमधून उजेड किती गाळून येतो ते बघायचं. पुन्हा चार हात. पट्टी जसजशी पातळ होत गेली तसतसे चाराचे दोन झाले, दोनाचा एक. काका पाच मिनिटांत एक पट्टी करतात, तिला नऊ मिनिटं लागत होती. भाऊजींनी वेगाबद्दल काही बोलायला तोंड उघडलं. काकांनीच त्यांना हातानं गप्प केलं.

पहिली पट्टी दोन पूर्णांक शून्य पाच. दुसरी एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव. तिसरी दोन पूर्णांक शून्य तीन. चौथी एक पूर्णांक शहाण्णव. काका प्रत्येक वेळी माझ्या हातून गेज घेऊन स्वतः पुन्हा मोजत होते. आकडा बदलत नव्हता.

पाचव्या पट्टीला बॅटरीचा दिवा लाल झाला. आत्यानं आणखी दोन हात मारले, पट्टी उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. आणखी एक हात मारला आणि पट्टी माझ्यासमोर ठेवली.

मी तीन ठिकाणी गेज लावलं. दोन पूर्णांक शून्य चार, दोन पूर्णांक शून्य दोन, दोन पूर्णांक शून्य तीन. सरासरी दोन पूर्णांक शून्य तीन मिलिमीटर.