चौथ्या तुकडीचा ढीग

पहाटे साडेपाच. प्रार्थना. सर्वांनी उभे राहून.
चांगुणा आणि कडू सोडून.

सहा. कवायत.
चांगुणा आणि कडू सोडून.

सात ते दहा. श्रमदान. शाळेपासून कालव्यापर्यंतच्या रस्त्यासाठी खडी फोडणे.
चांगुणा आणि कडू सोडून.

त्या दोघी लिंबाखाली, दोन लोखंडी खुर्च्यांवर.

१९७३ चा मे महिना. देवळाली प्रवऱ्याजवळची एक शाळा, मुलींचं पंधरा दिवसांचं शिबिर, भरवणारी संस्था नगरची. अपंग आणि आजारी मुलींनाही शिबिरात सामावून घ्यायचं, असा संस्थेनं त्या वर्षी ठराव केला होता. ठराव झाला म्हणून मुली शोधल्या. चांगुणा पाथर्डीकडची, तेरा वर्षांची. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय वाळलेला. गुडघ्यावर हात दाबून चालायची. कडू केडगावची, तिला फिट यायची. रात्री तिच्या उशाशी एक जुनी चप्पल ठेवत, फिट आली की हुंगवायला. शिबिराची वैद्यकीय सोय म्हणजे ती चप्पल.

"तुम्ही दोघींनी फक्त आनंद घ्यायचा," शिबिरप्रमुख राधाकृष्ण सर म्हणाले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती अर्जात नव्हती, कारण अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता. गेलं वर्षभर चांगुणा आईबरोबर दुष्काळी कामावर बसून खडीच फोडत होती.

बक्षिसाचा नियम: तुकडीचा ढीग भागिले तुकडीतल्या मुली. ज्या तुकडीची सरासरी जास्त, तिला ढाल. ढालीवर प्रत्येकीचं नाव.

पहिल्याच दिवशी चौथ्या तुकडीची प्रमुख मुक्ता, नगरची, आठवीत पहिली, हात वर करून उभी राहिली.

"सर, आम्ही नऊ जणी. पण काम सातच करणार. मग नऊनं का भागायचं?"

"बरोबर. अन्याय नको," सर म्हणाले. त्यांनी श्रमदानाच्या यादीतली दोन नावं तांबड्या पेन्सिलीनं खोडली. खोडताना दोघींकडे बघून हसलेसुद्धा. काळजी मिटली, अशा अर्थानं.

"कडे, आपण वजा झालो," चांगुणा म्हणाली.

"होऊ दे की. सावली हाय, बसायला खुर्ची हाय. आता कुनी भेळ आनून दिली म्हंजे झालं."

"मला न्हाई बरं वाटत."

"मग तू नको खाऊ भेळ."

समोर सात मुली दगड बडवत होत्या. बोटं सुजली, तळहाताला फोड आले, खडी कमी आणि भुकटी जास्त.

"बघ कशा मारत्यात," चांगुणा म्हणाली. "दगडाला शीर असती. ती हेरायची. ह्या आपल्या नुसतं टकुऱ्यात घालत्यात."

दुपारी दोन ते चार. बौद्धिक. विषय: समता. सर्वांनी वर्गात.
चांगुणा आणि कडू सोडून. त्यांना विश्रांती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी चौथ्या तुकडीच्या ढिगाशी गेल्या. उन्हानं दगड तापलेले. चांगुणानं चिंध्या पिळून कडं केलं, त्यात दगड धरला, पाय पसरून बसली. चांगला आणि वाळका, दोन्ही सारखेच पसरले. बसल्यावर पायाचं काही काम नसतं. कडू मोठे दगड आणून देई आणि फुटलेले ढिगावर टाकी. वर्गातून कुणाचा तरी आवाज येत होता, माणसामाणसात भेद नाही वगैरे. हातोडी त्याच्यावरून चालली होती.

चौथा दिवस. पाचवा. सहावा.

ढीग वाढला तसं मुक्तानं बोटांवर हिशेब केला. मग ती कुणाला काही बोलली नाही.

नवव्या दिवशी राधाकृष्ण सर मागं येऊन उभे राहिले.

"सर, मला फिट आल्याली न्हाई हां," कडू घाईनं म्हणाली. "मी शुद्धीवर हाय."

सरांनी चांगुणाच्या हातांकडे पाहिलं. ढिगाकडे पाहिलं. ढिगाकडे जरा जास्त वेळ.

"डोक्याला काहीतरी बांधा," म्हणाले, आणि गेले.

"आता घालत्यात बघ नाव," चांगुणा म्हणाली. त्या दुपारी ती चार वाजले तरी उठेना.

समारोप. शाळेच्या पटांगणात कापडी मांडव, ध्वनिक्षेपक, पाहुणे. ढीग मांडवाशेजारीच, सगळ्यांना दिसावेत म्हणून. मोजायची बिनतळाची लाकडी पेटी अजून तिथंच पडलेली. सकाळी मोजणी झाली होती.

दुसरी तुकडी: पासष्ट पेट्या भागिले नऊ. सातच्या थोडं वर.
चौथी तुकडी: बासष्ट पेट्या भागिले सात. जवळजवळ नऊ. पहिला नंबर.

बासष्ट भागिले नऊ हे गणित कुणी केलं नाही. मुक्तानं केलं होतं. ते सातच्या थोडं खाली येतं.

ढाल सात जणींनी घेतली, प्रत्येकीला नावाचा बिल्लाही मिळाला. मग दोन खास नावं पुकारली. प्रत्येकीला नारळ, टोपी आणि 'हिंमतवान बालिका' असं छापलेलं प्रशस्तिपत्र.

"मी काय हिंमत केली?" कडू पुटपुटली. "पडले न्हाई म्हून?"

चांगुणा मात्र ढालीवर चिकटवलेला कागद वाचत होती. एकदा वाचला. परत खालून वर वाचला.

"सर, ह्याच्यात आमी न्हाई."

"बाळ, तुमचा मान वेगळा."

"मग माझी खडी द्या परत."

ध्वनिक्षेपक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. मांडव हसला. "वा! हजरजबाबी आहे हो पोरगी," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच चांगुणा व्यासपीठावरून उतरली. ढिगाशी बसली आणि आपली खडी वेचायला लागली. ओळखायला काही अवघड नव्हतं. तिची सगळी दीड इंची, एका मापाची. बाकीच्यांची कुठं बटाट्याएवढी, कुठं नुसता चुरा. कडूनं समोर बसून परकराचा ओचा पसरला.

मुक्ता ढाल छातीशी धरून धावत आली.

"चांगुणा, अगं काय करतेस? आपण जिंकलो ना!"

"आपन म्हंजे किती जनी?"

मुक्तानं ढिगाकडे पाहिलं. चांगुणा बसली होती त्या कडेला खळगा पडत चालला होता.

"पेटी इथंच आहे अजून," मुक्ता हळूच म्हणाली. "कुणी परत मोजलं तर?"

"मोजू दे की."

"तुला हवं तर माझा बिल्ला घे. खरंच घे."

"तुज्या बिल्ल्यावर माजं नाव हाय का?"

ओचा भरला. कडूनं तो बाजूला रिता केला आणि परत पसरला.

 मुक्तालाही वाईट वाटत होतं, हे खरं. मग ढाल आणखी घट्ट धरून तिनं सरांना हाक मारली.