गाठ सगळ्यात शेवटी

मित्रांनो, मला ओळखलंत? कसं ओळखणार म्हणा! मी एक जुना व्ह्यू बॉक्स आहे. पुढे पांढरी काच, आत दिवे. पोटाच्या स्कॅनच्या काळ्या फिल्म माझ्यावर लावून डॉक्टर रोग शोधत. आता ते काम संगणक करतो आणि मी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत पडून आहे. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

आमच्या मोठ्या डॉक्टरांचं मात्र माझ्यावाचून पान हलत नसे. त्यांची एक खोड होती. फिल्मवर जिथे गाठ दिसे, तिथे ते आधी तळवा ठेवत. "गाठ सगळ्यात शेवटी. आधी शेजारपाजार बघा," असं शिकाऊ डॉक्टरांना बजावत. त्यांच्या हाताची ऊब मला काचेतून जाणवायची. अजून आठवते हो!

एकदा एका शिलाईवाल्या बाईंच्या फिल्म आल्या. स्वादुपिंडाच्या टोकाला बोराएवढी गाठ. शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी ती चकाकती गाठ तेवढी पाहिली आणि 'ट्यूमर' लिहून मोकळ्या झाल्या. गुरुवारी ऑपरेशन ठरलं. अर्धं स्वादुपिंड आणि त्याला खेटून असलेली प्लीहा, दोन्ही काढायचं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धवट शिवलेले कपडे त्यांनी जावेकडे देऊन टाकले.

बुधवारी मोठ्या डॉक्टरांनी फिल्म मागवल्या. शिरेतून औषध सोडून पाठोपाठ काढलेले तीन फोटो शेजारी शेजारी लावले आणि गाठ झाकली.

"प्लीहा कशी दिसते?"

"पहिल्या दोन्हींत उजळ, सर. तिसऱ्यात फिकी."

त्यांनी हात काढला. "आता गाठ सांग."

डॉक्टरीणबाईंनी तिन्ही फोटोंवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अगदी तश्शीच! अगं बाई, हा प्लीहेचाच तुकडा की काय?"

"जन्मापासून वाट चुकून तिथे बसलेला असेल, अगदी निरुपद्रवी. ऑपरेशन थांबवा. आधी खात्री करू."

पुढच्या तपासणीत तेच निघालं. मग बाईंना माझ्यासमोर बसवलं. डॉक्टर दिवा बंद करायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या ना जरा. महिनाभर हिच्या भीतीनं झोप नाही. आता डोळे भरून बघू दे मेलीला!" हसता हसता रडल्या. मग विचारलं, "आता मी काय करू?"

"घरी जा. कपडे शिवा," डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, संगणकावर माझ्याहून स्वच्छ दिसतं, हे मी मान्य करतो. पण पाहणाराच घाईत असेल तर पडदा बिचारा काय करणार? मोठेपणी कुणाच्या पोटात डोकावाल, तर जरा दमानं बघा. मला मात्र एकच वाटत राहतं. कुणीतरी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसावं, आणि त्याला "घरी जा" असं सांगितलेलं मला ऐकायला मिळावं.