बिननावाचं माप

"टेप खोटी बोलेल बाई, डोळा खोटं बोलत नाही." सात-आठ वर्षांची पोर कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या वेचत बसायची, तेव्हा वर आत्या कापडात कात्री घालता घालता हे गुणगुणायची. तो आवाज कानात मुरला होता. आता कात्री त्या पोरीच्या, म्हणजे भाचीच्या, हातात आली होती, आणि दुकानातल्या मुलींनी तिला मास्तरीण करून टाकलं होतं. रस्त्यावरून जाणारीचं मापसुद्धा ती नुसत्या नजरेनं सांगायची.

म्हणून तर त्या सकाळी शिवायच्या कापडांच्या गठ्ठ्यातून एक चिठ्ठी निघाली, ती तिनं दोनदा वाचली. लग्नाचा पोशाख. नाव नाही, पत्ता नाही. नुसतं माप: कंबर अठ्ठावीस, उजवा खांदा अर्धा इंच उतरता.

असा खांदा तिच्या पाहण्यात एकच होता. समोर मशीनवर वाकलेल्या चिमणीचा.

सहा महिन्यांपूर्वी नवा कायदा आला होता. बाईच्या नावावर दुकानाचा परवाना हवा, तर नवऱ्याची सही पाहिजे. गल्लीतल्या चाळीस शिवणाऱ्या मुलींनी लिहून उत्तर दिलं, की कायदा मागे घेईपर्यंत लग्न नाही, मुलं पाहणं नाही, कुणाबरोबर फिरणं नाही. पहिली सही मास्तरणीची, दुसरी चिमणीची. गिऱ्हाइकं टोमणे मारायची, "दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवता, आणि स्वतःचं काय गं?" चिमणी दातांनी दोरा तोडत म्हणायची, "आमचं कापड सरकारनं अडवलंय, काकू!"

आज मात्र मास्तरणीला तिच्या हसण्याखालीही वेगळंच अस्तर दिसू लागलं. फोन आला की ही बाहेर का पळते? केस कुणासाठी कापले? आत्याही सकाळपासून गप्प होती; तिलाही कुणकुण लागली असणार. संध्याकाळी मुलींच्या बैठकीत फितूर कोण ते सांगावं लागणार होतं, आणि नाव घेतलं की बारा वर्षांची मैत्री गेली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं चिठ्ठी चिमणीपुढे टाकली. "कुणाचं माप आहे हे?"

"मला काय विचारतेस? बेततेस तू."

"खांदा वाच. सोंग पुरे झालं."

चिमणीचा चेहरा पडला. "माझ्यावर संशय? घे टेप. घे म्हणते ना!"

टेप लागली. दोन्ही खांदे सारखे. कंबर तीस.

"वाकून बसते म्हणून वाकडी झाले होय गं मी?" चिमणीनं टेप हिसकावली. मग तिची नजर मास्तरणीच्या खांद्यावर थबकली. "तुझं माप कधी घेतलंय कुणी?"

"माझं कशाला?"

"हात खाली सोड."

चिमणी आकडे मोठ्यानं वाचत गेली. अठ्ठावीस. जड कात्री ओढून ओढून उजवा खांदा अर्धा इंच खाली आला होता. सगळ्या गल्लीचं अंग पाठ असलेलीला स्वतःचं तेवढं ठाऊक नव्हतं.

"घरच्या माणसाशिवाय हे कोण लिहील?" चिमणी हळूच म्हणाली.

दोघी वळल्या. आत्या इस्त्री धरून उभी होती. कापड करपल्याचा वास सुटला, तरी तिनं हात उचलला नाही.

"आत्या?"

"तुझ्या जुन्या ड्रेसवरून घेतलं. नाव घातलं असतं, तर तू कात्री लावली असतीस का?" आत्या म्हणाली. "महिनाअखेर माझा परवाना संपतोय. तुझ्या नावावर करायचा, तर सहीला नवरा लागतो. आपल्या घरात पुरुष आहे कुठे? मी मुलाकडच्यांना शब्द देऊन बसलेय, पोरी."